डाग किती?

आमच्या लहानपणी प्रवास गाडी सुटल्यावर सुरू होत नसे. बाबांनी डाग मोजले की सुरू होई. नागपूर स्टेशनच्या फलाटावर आम्ही भावंडे ओळीने उभी असू आणि बाबा छत्रीच्या टोकाने एकेका वस्तूला स्पर्श करीत मोठ्याने मोजीत असत. दोन पत्र्याच्या ट्रंका, एक वळकटी, फराळाचा डबा, फिरकीचा तांब्या, सुरई... शेवटी "अकरा!" असे म्हणून ते आमच्याकडे पाहत, आणि आम्ही सर्वांनी एका सुरात "अकरा!" असे उत्तर द्यावयाचे, असा रिवाज होता. आईचे माहेर अमरावतीचे. बडनेऱ्याला गाडी बदलावी लागे. तिथे उतरल्यावर पुन्हा अकरा, अमरावतीच्या गाडीत बसल्यावर पुन्हा अकरा, आणि आजोबांच्या दारात टांगा थांबला की टांगेवाल्याचे पैसे देण्याआधी शेवटचे अकरा. बाबा महालेखापालांच्या कचेरीत होते. हिशेब जुळल्यावाचून त्यांना पाणी गोड लागत नसे.

या मोजणीत एकदा मोठा वाद झाल्याचे मला आठवते. आईने सुरई वळकटीच्या पट्ट्याला नीट बांधून टाकली होती. तिचे म्हणणे, आता हा एकच डाग. बाबा म्हणाले, "दोन."

"अहो, पण बांधलीय ना एकत्र? हमाल एकदाच उचलणार, पैसेही एकाचेच घेणार."

"हमालाचा हिशेब वेगळा, आपला वेगळा," बाबा शांतपणे म्हणाले. "जे वेगळं हरवू शकतं, तो वेगळा डाग."

आई त्यावर काही बोलली नाही. मात्र बडनेऱ्याला पट्टा सैल होऊन सुरई फलाटावर फुटली आणि वळकटी सुखरूप राहिली, तेव्हा बाबांनी काही न बोलता फक्त बोटे वर केली : दहा. आम्हीही हळूच म्हणालो, "दहा."

डाग हा शब्द मराठीने मोठा गमतीचा करून ठेवला आहे. सामानाचा नग तोही डाग, अंगावरचा दागिना तोही डाग, गुरांना तापल्या लोखंडाचा देतात तोही डाग, आणि पांढऱ्या सदऱ्यावर पडतो तोही डागच. मला पूर्वी वाटे, हे चार वेगळे शब्द चुकून एका कपड्यात शिरले असावेत. आता तसे वाटत नाही. प्रत्येक सामानावर त्याच्या मालकाचा काही ना काही डाग असतोच. आणि सामान हरवले म्हणजे तो मनावर उमटतो.

हे सारे आठवण्याचे कारण असे की २०२३ साली आम्ही धरमपेठेतले आमचे घर मोकळे केले. ट्रॅफिक पार्कपासून फार दूर नाही, असे ते घर. पुढे लहानसा बगीचा, कडुनिंबाचे झाड, कौलारू ओसरी आणि ओसरीवर शिसवी झोपाळा. अशी घरे धरमपेठेत एके काळी ओळीने होती. आता दर पावसाळ्यानंतर एखादे कमी होते आणि त्याच्या जागी सात मजले उभे राहतात. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. आम्हा दोघा म्हाताऱ्यांना आठ खोल्यांचा केर काढवत नव्हता. आम्ही दोन खोल्यांच्या सदनिकेत आलो, आणि घरातले जे काही आईबाबांचे होते ते धाकट्या बहिणीने मागितले. ती तीस वर्षांपासून हॉलंडात आहे. "दादा, तिकडं ते भंगारात जाईल. इथं माझ्या डोळ्यांसमोर राहील," असे ती म्हणाली, आणि या युक्तिवादावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

माझा व्यवसाय वकिलीचा. पण उभा जन्म गेला तो शेताचे बांध, भाडेकरू आणि वाटण्या यांत. समुद्राशी माझा संबंध काय? नागपूर हे हिंदुस्थानच्या मध्यावर आहे हे सांगणारा दगडी खांब आमच्याच शहरात उभा आहे. इथून कोणत्याही दिशेने निघालो तरी समुद्र सारखाच परका. त्यामुळे झोपाळा, देव्हारा, पितळी भांडी, बाबांची पुस्तके आणि आईच्या साड्या वीस फुटी लोखंडी पेटीत घालून न्हावाशेव्याच्या बंदरातून रॉटरडॅमला पाठवायच्या, एवढे ठरल्यावर मी पुढचे सारे वाहतूक कंपनीवर सोपवून दिले.

सामान बांधायला जी मुले आली त्यांत वही-पेन्सिल घेतलेला एक विशीतला पोरगा होता. दिवसभर तो माझ्या मागे मागे. प्रत्येक खोक्यावर आकडा घाली, वहीत टिपून ठेवी. संध्याकाळी मी रिकाम्या ओसरीवर बसलो होतो. झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या वर लोंबत होत्या. तेवढ्यात तो आला.

"काका, एकूण डाग किती लिहू जी?"

"लिही काहीही," मी वैतागून म्हणालो.

"काहीही कसं लिहू काका? तुम्ही बसा. मी मोजून राहिलो ना, तुम्ही फक्त हो म्हणा."

आणि खरोखरच त्याने ट्रकवर चढून, बोटाने स्पर्श करीत, मोठ्याने मोजायला सुरुवात केली. चौसष्ट झाले. मी हो म्हणालो. समोर आलेल्या कागदांवर सह्या केल्या. एकही वाचला नाही. चाळीस वर्षे मी पक्षकारांना बजावत आलो होतो की न वाचता सही करू नका!

दीड महिन्यानंतर बहिणीचा फोन आला. आवाजावरूनच मी समजलो. पेटीच्या दाराचे रबर एका कोपऱ्यात फाटलेले होते. वाटेत कुठेतरी पाणी आत शिरले आणि दाराजवळ खाली रचलेले नऊ डाग भिजले. झोपाळा वाचला, भांडी वाचली. पण आईचा शालू, दोन पैठण्या, देव्हारा आणि बाबांची बरीच पुस्तके यांचे होऊ नये ते झाले. "कंपनी म्हणते, कागदावर एकच डाग आहे, त्यामुळं भरपाई एकाच डागाची. दादा, तू तर वकील ना?"

त्या शेवटच्या वाक्यात आरोप नव्हता. असता तर बरे वाटले असते.

रात्री मी भरणपत्र काढून वाचावयास बसलो. जहाजावर माल चढला की त्याची पावती, वाहतुकीचा करार आणि मालाच्या मालकीचा दस्तऐवज असे तिन्ही काम करणारा हा एकच कागद. आपल्याकडे त्याबद्दलचा कायदा १८५६ सालचा, आणि तो २०२५ साली नवा कायदा होईपर्यंत चालला; म्हणजे आमच्या धरमपेठेतल्या कोणत्याही घरापेक्षा अधिक टिकला. त्या कागदावर 'डागांची संख्या' असा एक रकाना होता, आणि त्यात ठळक अक्षरात छापले होते : एक. एक कंटेनर. माझ्या पोटात गोळा आला.

या एका आकड्याचे महत्त्व वाचकांच्या लक्षात यावे म्हणून थोडे मागे जावे लागेल. पूर्वी माल बोटीत जाई तो सुटा : पोती, गासड्या, पिंपे, खोकी. हमाल पाठीवरून नेत आणि धक्क्यावरचा कारकून प्रत्येक डागाला एक रेघ ओढी. त्या काळी, १९२४ साली, ब्रुसेल्सला निरनिराळ्या देशांनी मिळून नियम केले की मालाची किंमत आधी जाहीर केलेली नसेल, तर जहाजवाल्याने नुकसानीबद्दल दर डागामागे जास्तीत जास्त शंभर पौंड द्यावेत. आपल्याकडे तोच नियम १९२५ च्या कायद्याने आला. डाग म्हणजे काय हे कोणी सांगितले नाही. कारण ते कोणालाही दिसत होते.

पुढे २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत मॅल्कम मॅक्लीन नावाच्या एका ट्रकवाल्याने 'आयडियल एक्स' या जुन्या तेलवाहू जहाजावर अठ्ठावन्न पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. त्या दिवशी धक्क्यावरच्या कारकुनाची पेन्सिल थांबली. माल कारखान्यातच पेटीत भरायचा, दाराला सील ठोकायचे, आणि ते थेट दुसऱ्या देशात उघडायचे. आत काय आहे हे जहाजवाल्याने पाहायचे कारण नाही आणि त्याला पाहताही येत नाही. म्हणून तो कागदावर लिहितो : 'आत अमुक असल्याचे सांगितले.' म्हणजे तुम्ही सांगितले, मी ऐकले. खरे-खोटे तुमचे तुम्ही जाणा. आमच्याकडे मुलीकडचे लोक ताटावर रुमाल झाकून आणतात, तेव्हा विहीणबाई ज्या चेहऱ्याने ते ताट घेतात, तोच भाव या वाक्यात आहे.

मग भांडण अटळ होते. पेटी हरवली तर किती डाग हरवले? जहाजवाला म्हणणार एक. मालवाला म्हणणार आतले सगळे. अमेरिकेत कातड्याच्या नव्व्याण्णव गासड्या भरलेली एक पेटी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन धक्क्यावरून चोरीला गेली. त्यांच्या कायद्यात दर डागाला मर्यादा पाचशे डॉलरची. एक डाग धरला तर पाचशे, नव्व्याण्णव धरले तर साडेएकोणपन्नास हजार. १९७१ साली तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने सांगितले की पेटी हा डाग नव्हे. ती जहाजाचाच एक भाग समजावी, आणि डाग म्हणजे आतली प्रत्येक गासडी. 'रिव्हर गुरारा' नावाचे जहाज १९८९ साली पोर्तुगालच्या किनाऱ्यावर फुटले. त्याच्या खटल्यात १९९७ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयानेही जुन्या नियमांचा अर्थ असाच लावला. बाबांचे फलाटावरचे वाक्य त्या न्यायमूर्तींना ऐकवले असते तर त्यांची कितीतरी पाने वाचली असती!

दरम्यान १९६८ साली नियमच दुरुस्त झाले होते. पेटीत माल एकत्र भरला असेल, तर भरणपत्रात आतल्या डागांची जी संख्या लिहिलेली असेल तितके डाग धरावेत. लिहिलेली नसेल, तर सारी पेटी हाच एक डाग. आपण ही दुरुस्ती १९९३ साली स्वीकारली. शंभर पौंडही गेले. आता मर्यादा दर डागाला ६६६.६७ एस.डी.आर., किंवा खराब झालेल्या मालाच्या दर किलोला दोन एस.डी.आर.; यांत जी रक्कम अधिक होईल ती. एस.डी.आर. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबापुरते चलन आहे. त्याची नोट नाही, नाणे नाही. देवघरातल्या सुपारीच्या गणपतीसारखे ते मानून घ्यायचे असते.

मी हिशेब मांडला. भिजलेल्या नऊ डागांचे वजन दोनशे किलो, म्हणजे वजनाने चारशे एस.डी.आर. पेटी हाच एक डाग धरला तर ६६६.६७, रुपयांत पाऊण लाखाच्या आतबाहेर. नऊ डाग वेगळे धरले तर मर्यादा सहा हजार. म्हणजे साडेसहा लाखांच्या घरात. अर्थात ही मर्यादा झाली, बक्षीस नव्हे; मिळायचे ते झालेल्या नुकसानीइतकेच. आणि पाहणी करणाऱ्याने नुकसान अडीच लाखांचे ठरवले होते. एक आणि नऊ यांत असा पावणेदोन लाखांचा फरक होता. आणि तो माझ्या न वाचलेल्या सहीखाली दडला होता.

चष्मा पुसून मी तो कागद पुन्हा वाचला. 'एक' च्या शेजारी, मालाच्या वर्णनाच्या रकान्यात, मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरांत एक ओळ होती : 'आत वापरलेले घरगुती सामान, चौसष्ट डाग असल्याचे सांगितले.'

चौसष्ट! ट्रकवर चढून बोटाने स्पर्श करीत मोजणारा तो पोरगा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मी 'लिही काहीही' म्हणालो होतो. त्याने काहीही लिहिले नव्हते. त्याच्या वहीतला आकडा यादीत गेला, यादीतून बंदरावर गेला, आणि तिथल्या कोणा कारकुनाने तो भरणपत्रावर उतरवून घेतला. कायद्याला हवी असलेली संख्या कागदावर होती, आणि ती माझ्यामुळे नव्हे तर माझ्याविना आली होती.

माल हाती आल्यापासून वर्षाच्या आत दावा लावावा लागतो. तशी वेळ आली नाही. मी बहिणीच्या वतीने पत्र लिहिले; 'सांगितले' या शब्दामुळे आतील वस्तूंची हमी कंपनीवर येत नसेल, पण मोजलेली संख्या कंपनीच्याच कागदावर आहे, आणि मर्यादा ठरवायला कायदा तेवढेच मागतो, एवढेच त्यात होते. पाचसहा महिने पत्रापत्री झाली. अखेरीस त्यांनी नऊ डाग मान्य केले, आणि थोडी घासाघीस होऊन बहिणीच्या हाती दोन लाखांच्या जवळपास आले.

आता वर्तमानपत्रातली अशी बातमीही मी निराळ्या नजरेने वाचतो. फेब्रुवारी २०२० मध्ये नागपुरी संत्र्यांचा पहिला कंटेनर वाशीहून दुबईला रवाना झाला. थंड पेटीत दीड हजार क्रेट होते. तेव्हा आम्ही घरात अभिमानाने तो मजकूर मोठ्याने वाचला होता. आज वाचला असता तर माझ्या तोंडून आधी निघाले असते, "कागदावर एक लिहिले की दीड हजार?" त्या पेटीमागे उन्हातान्हात उभ्या असलेल्या कितीतरी बागाईतदारांचे वर्ष त्या एका शब्दात असते. मोठ्या पेटीचा हाच एक दोष आहे : बाहेरून पाहणाऱ्याला आतले सारे एकच वाटते.

वाचकहो, गोष्ट इथे संपायला हवी होती. पण नऊ डागांच्या यादीत न आलेली एक वस्तू बहिणीने फार उशिरा सांगितली. बाबांच्या पुस्तकांत आईची वही होती. दिवाळीच्या फराळाची मापे तिने त्या वहीत शाईने लिहून ठेवली होती. पानांची निळी पेज झाली होती. एक अक्षर उरले नव्हते. भरपाईच्या कागदावर बहिणीने ती लिहिलीच नाही. "काय किंमत लावू दादा?" असे तिने विचारले. मला वकिली खोड. मी मनात हिशेब केलाच : वहीचे वजन पाव किलो, किलोला दोन या दराने अर्धा एस.डी.आर.; म्हणजे पन्नास-पंचावन्न रुपये. मी तो आकडा तिला सांगितला नाही. आज इथे प्रथमच लिहितो आहे.

२०२४ च्या दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी तिचा फोन आला. तिच्याकडे दुपार होती. तिला चकलीची भाजणी करावयाची होती आणि मापे आठवत नव्हती. तिने माझ्याशी बोलण्यात वेळ घालवला नाही.

"वहिनी, तुम्हांला आईची भाजणी ठाऊक आहे ना?"

"त्या वहीत लिहायच्या एक आणि घालायच्या दुसरंच," आमची सौभाग्यवती म्हणाली. "पंचवीस वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी होते, मला विचार."

मी बाहेरच्या खोलीत ऐकत होतो, आणि मला हसू आवरेना. म्हणजे आईची वहीसुद्धा 'आत अमुक असल्याचे सांगितले' याच जातीची होती तर! खरा माल कागदावर नव्हताच. तो बायकोच्या हातात होता, आणि कोणत्याही पेटीत न घालता, कोणाचीही सही न घेता, आता समुद्रापलीकडे चालला होता. तांदूळ चार वाट्या. हरभऱ्याची डाळ दोन. उडदाची डाळ एक. मुगाची डाळ अर्धी. मूठभर पोहे. धने. जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, एकत्र नाही. "एकत्र भाजलं की एक करपतं नि एक कच्चं राहतं." तिकडून पेन्सिलीचा आवाज येत असल्याचा मला भास झाला.

"थांबा वहिनी, परत मोजते," बहीण म्हणाली. "सात झाले ना?"

"सात," सौभाग्यवती म्हणाली.

आणि सत्तरी ओलांडलेला मी, बाहेरच्या खोलीत एकटाच बसलेला, कोणी विचारले नसताना, मोठ्याने म्हणालो, "सात!"